दर पाचवा खांब

ऑरव्हिल कुचेरा कॉफी बशीत ओतून पीत. दाढी फक्त शनिवारी करत. आलेलं पत्र दोनदा मनात वाचत आणि तिसऱ्यांदा मोठ्यानं. मग ते बियाण्यांची जाहिरात असो की कुणाच्या मरणाची बातमी. ट्रकच्या मागच्या फळीवर एक ब्रश कायम असे, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. गाडी चालवताना ते तारेच्या खांबापाशी बोलणं थांबवत. प्रत्येक खांबापाशी नाही, दर पाचव्या. वाक्य अर्धं असलं तरी. आणि परक्या गाडीवाल्यानं काच खाली करून रस्ता विचारला, की टोपी काढून म्हणत, "दुसऱ्या कुणाला तरी विचारा."

हे त्यांनी पन्नास वर्षं केलं. त्यांचं गॅरेज होतं. रस्ता विचारायला लोक गॅरेजमध्येच थांबतात.

त्यांना जाऊन आज अकरा दिवस झाले. गावानं माझ्याकडून एक पुस्तिका लिहून घेतली आहे आणि ती छापून वाटलीही गेली. तिच्यात मिस्टर कुचेरांवर दोन पानं आहेत. ती दोन्ही पानं चुकीची आहेत. म्हणून हे वेगळं लिहिते आहे.

मी मे महिन्यात लिंकनच्या विद्यापीठातून साहित्याची पदवी घेऊन आमच्या गावी, वेसेलीला परत आले. वेसेलीला साहित्याची गरज नव्हती. ऑगस्टमध्ये पडली. नऊ मैल दक्षिणेला नवा इंटरस्टेट रस्ता तयार होत होता. तो ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी उघडणार होता. त्यानंतर आमच्या रस्त्यावरून कोण जाणार, हा प्रश्न गावात कुणी मोठ्यानं विचारत नव्हतं. त्याऐवजी एक समिती झाली. त्याच शुक्रवारी जुन्या रस्त्याची पन्नाशी साजरी करायची, पितळी पाटी लावायची, पुस्तिका काढायची असं ठरलं. समितीच्या अध्यक्षा ब्लांच नोव्होत्नी. चौकातलं कॅफे त्यांचं.

"विल्मा, तू पुस्तकं वाचून आलीयस ना?" त्या मला म्हणाल्या. "मग आता एक लिही. फार मोठं नको. लोकांना कामं असतात."

"पाटीवर काय लिहिणार?"

"'हायवे वेसेलीत आणणारे ऑरव्हिल कुचेरा.' त्यांनीच नाही का खांब रंगवले? जा, त्यांना विचार. मात्र एकेक शब्द ओढून काढावा लागेल. मी चाळीस वर्षं त्यांना केक वाढतेय, अजून सफरचंदाचा आवडतो की चेरीचा, ते मला कळलेलं नाही."

रस्त्यांना नंबर यायच्या आधी नावं असत आणि नावांना रंग. आमचा रस्ता प्रेअरी-पॅसिफिक हायवे. पिवळा, पांढरा, पिवळा. एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत वाटेतल्या खांबांवर हे पट्टे काढायचे आणि गाडीवाल्यानं ते बघत जायचं. सरकारचा यात हात नव्हता. एक संघटना होती, तिच्याजवळ नकाशा होता आणि तिचा एक माणूस मोटारीतून गावोगाव जेवत हिंडे. रस्ता ज्या गावातून जाईल त्याला हॉटेल, गॅरेज, दुकान. ज्या गावातून जाणार नाही त्याला काही नाही. त्यामुळे तो माणूस जेवे चांगलं.

मी गॅरेजमध्ये गेले तेव्हा मिस्टर कुचेरा एका ट्रॅक्टरच्या खाली होते.

"मिस्टर कुचेरा, तुम्ही खांब रंगवले तो दिवस कसा होता?"

"गरम," ट्रॅक्टरखालून आवाज आला.

"आणखी?"

"दोन खेचरं होती. एक सारखं डावीकडे ओढायचं."

"आणि तुम्ही हायवे वेसेलीत कसा आणलात?"

मग ते बाहेर आले, हात पुसले, पाना जागेवर ठेवला. खणातून एक पत्र काढलं. दोनदा मनात वाचलं, मग मला ऐकवलं. संघटनेचं पत्र, सोळा सालच्या जूनचं. काउंटीच्या पूर्व हद्दीपासून टेलिफोनच्या खांबांच्या ओळीनं पश्चिमेला जावे. दर पाचव्या खांबावर, जमिनीपासून पाच फुटांवर, तीन पट्टे काढावेत. सोबत रंग.

"एकोणीस वर्षांचा होतो," ते म्हणाले. "नव्वद मैल रंगवत आलो. नव्वद मैल खांब रस्त्याच्या कडेनं होते. मला वाटलं, रस्ता खांबांच्या कडेनं आहे."

"मग?"

"मग फाटा आला."

फाटा मला माहीत आहे, सगळ्यांनाच माहीत आहे. तिथून उजवीकडे वेसेली, सरळ गेलं तर सात मैलांवर लुंडबी. वेसेली आम्हा चेक लोकांची, लुंडबी स्वीडिश लोकांची. त्या वर्षी टेलिफोन वेसेलीत होता. लुंडबीत नव्हता, टेलिफोन घ्यावा की नाही यावर तिथल्या चर्चच्या वडीलधाऱ्यांचा विचार अजून चालू होता. म्हणून खांब उजवीकडे वळत होते.

"आणि तुम्ही खांबांबरोबर वळलात."

"दुपारपर्यंत वेसेलीत पोचलो. लोकांनी बिअर दिली. मला वाटलं, ऊन आहे म्हणून देतायत."

"पण रस्ता लुंडबीवरून ठरला होता?"

"नकाशात होता. फाट्याच्या जरा पुढे, लुंडबीच्या वाटेवर पानाफुलांची कमान उभी केलेली मी पाहिली. खाली माणसं होती. बॅंड होता." त्यांनी पत्राची घडी घातली. "मला वाटलं, लग्न आहे."

लुंडबीची माणसं त्या कमानीखाली दोन आठवडे उभी राहिली, पाळीपाळीनं. पान सुकलं की बदलत. गाड्या फाट्यापर्यंत येत आणि पट्टे बघून वेसेलीकडे वळत. वेसेलीवाल्यांनी लाच दिली, असं लुंडबीत बोललं जाऊ लागलं. वेसेलीनं ते कधी नाकारलं नाही. आपल्याला एवढं सुचलं असेल असं कुणाला तरी वाटतंय, याचं त्यांना बरंच वाटलं. शेवटी संघटनेनं दुसरा माणूस पाठवला. तो वेसेलीत जेवला, दिवसभर गाड्या मोजल्या आणि नकाशा बदलून टाकला. नकाशा बदलायला एक रेघ लागते. खांब बदलायला खेचरं लागतात.

वेसेलीच्या वाटेत एक सखल जागा होती. पाऊस झाला की तिथे गाड्या चाकाच्या आसापर्यंत रुतत. लुंडबीची वाट कोरडी होती, म्हणूनच ती निवडली होती. मिस्टर कुचेरांजवळ खेचरं होती. त्यांनी पहिल्या पावसात अकरा गाड्या ओढून काढल्या आणि ते वेसेलीतच राहिले. त्या जागेला लोक अजून कुचेराचा चिखल म्हणतात. पुस्तिकेत तो उल्लेख आदरानं केलेला आहे.

"तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?" मी विचारलं.

"सांगायला गेलो होतो. त्याच ऑगस्टमध्ये, लुंडबीला. ॲक्सेल लिंडक्विस्टनं चौदा खोल्यांचं हॉटेल बांधलं होतं. नवं कोरं. तो पायरीवर बसला होता. म्हणाला, 'खांब रंगवणारा हाताला लागला ना, तर विहिरीत टाकीन.'"

"मग?"

"विहिरीवरचं चाक मोडलेलं होतं. मी म्हटलं, दुरुस्त करून देऊ का. केलं. तेवढ्यात संध्याकाळ झाली."

"आणि नंतर?"

"पुढच्या रविवारी छप्पर."

ॲक्सेल लिंडक्विस्ट एकतीस साली वारला. हॉटेल त्याच्या मुलीकडे, मिस हेड्डांकडे आलं. मिस्टर कुचेरा पन्नास वर्षं दर रविवारी चर्चनंतर लुंडबीला जात, काहीतरी दुरुस्त करत आणि परत येत. जाताना कॅफेतून सहा कोलाची, म्हणजे आत गोड सारण भरलेले आमचे चेक पाव, नेत, चार जर्दाळूंची, दोन खसखशीची. सगळ्या वेसेलीला याचा एकच अर्थ ठाऊक होता.

"पन्नास वर्षं बाईला गोड खाऊ घालतोयस, ऑरव्हिल," ब्लांच पुडा बांधताना म्हणायच्या. "अंगठी कधी?"

"छप्पर झालं की," मिस्टर कुचेरा म्हणायचे.

पुस्तिकेसाठी म्हणून ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी मी त्यांच्याबरोबर गेले. लुंडबीत आता धान्याचं कोठार आहे, चर्च आहे, पाच घरं आहेत आणि हॉटेल. मिस हेड्डा एकाहत्तर वर्षांच्या, ताठ, पांढरं एप्रन. त्या रोज वेगळ्या खोलीत झोपतात. एक ते चौदा, मग पुन्हा एक.

"गाद्या सारख्या झिजल्या पाहिजेत," त्यांनी मला सांगितलं. "एकच वापरली तर पाहुण्याला फरक कळतो."

त्या दिवशी सात नंबर होता. मिस्टर कुचेरा खिडकीची कडी बसवत होते. मिस हेड्डांनी कॉफी आणली. बशी मोठी दिली, न विचारता.

"तिकडे किती गाड्या जातात रे आता, ऑरव्हिल?"

"दिवसाला तीनशे असतील."

"आणि तो नवा रस्ता उघडल्यावर?"

"फारशा नाही."

"म्हणजे आमच्याइतक्या." त्यांनी कोलाचीचा तुकडा मोडला. "मग झाली बरोबरी. उशिरा झाली, पण झाली."

मिस्टर कुचेरांच्या हातातला स्क्रू खाली पडला. तो शोधायला त्यांना बराच वेळ लागला.

परतताना त्यांनी फाट्यावर ट्रक थांबवला. इंजिन बंद केलं.

"ती बरोबरी म्हणाली."

"हो."

"बरोबरी नाही ती. रस्ता लुंडबीचा होता." पुढच्या काचेतून ते सरळ बघत होते. लुंडबीच्या वाटेला आता खांब आहेत, विजेचे. दुसऱ्या महायुद्धाच्या थोडं आधी आले. "एकशे पंचवीस. मी मोजलेत. दर पाचवा म्हणजे पंचवीस. दिवसाला दोन होतील."

"काय होतील?"

"पट्टे. नवा रस्ता उघडला की हा संपला. तो संपायच्या आत खांबांवर बरोबर लिहिलेलं पाहिजे."

"मिस्टर कुचेरा, आता पट्टे बघून कुणी जात नाही. चाळीस वर्षं झाली, नंबराच्या पाट्या आहेत."

"मला माहीत आहे. त्या पाट्यांचे खांबही मीच पुरलेत."

"आणि मिस हेड्डांना काय सांगणार?"

"शेवटचा खांब हॉटेलच्या पायरीसमोर आहे. तिथला पट्टा झाला की सांगेन. हातात ब्रश असला म्हणजे सांगता येईल."

"आणि ती पितळी पाटी?"

"आधी तिला. मग ब्लांचला. ब्लांचला सांगताना तू बरोबर ये."

सोमवारी आम्ही सुरुवात केली. ट्रक मी चालवायचा, डबा मी धरायचा. त्यांनी पाच फुटांची काठी कापून आणली होती. खांब झटकायचा, काठी लावायची, वर एक पिवळा, खाली एक पिवळा, मधली जागा सोडून द्यायची. पांढरा दुसऱ्या दिवशी, पिवळा वाळल्यावर. नाहीतर रंग एकमेकांत उतरतात. म्हणजे रोज काल सोडलेल्या दोन खांबांना पांढरा आणि पुढच्या दोघांना पिवळा. पट्ट्याच्या कडा ते श्वास रोखून मारत. डॉक्टरनं त्यांना जिने चढायला मनाई केली होती. खांबाला जिना नसतो, असं त्यांचं म्हणणं.

चौथ्या दिवशी वीज कंपनीचा माणूस गाडी थांबवून उतरला.

"आजोबा, हे खांब आमचे आहेत."

"हो," मिस्टर कुचेरा म्हणाले. "सरळ पुरलेत. छान आहेत."

मग हे कुणाच्या सांगण्यावरून, असं त्यानं विचारलं. मिस्टर कुचेरांनी खिशातून पत्र काढून दाखवलं. त्यानं ते वाचलं, तारखेकडे बघितलं, आणि पुढच्या खांबाशी एक गांधीलमाशीचं पोळं आहे, जपून, असं सांगून गेला.

"मिस हेड्डांना हे दिसत असेल," मी एकदा म्हटलं. प्रदेश सपाट आहे. हॉटेलला दोन मजले आहेत.

"तिची नजर अधू झालीय."

मधल्या रविवारी आम्ही आमच्याच बारा रंगवलेल्या खांबांच्या कडेनं लुंडबीला गेलो. मिस्टर कुचेरांनी परसदाराची फळी बदलली. मिस हेड्डा हवेबद्दल बोलल्या.

एकोणीस तारखेच्या बुधवारी सतरावा आणि अठरावा पिवळा झाला. अठराव्या खांबापासून हॉटेलचं छप्पर स्पष्ट दिसतं. ते ट्रकच्या पायरीवर बसले आणि थर्मासच्या झाकणात कॉफी ओतली. बशी नव्हती याची त्यांनी माफी मागितली.

"सात राहिले," ते म्हणाले. "मंगळवारपर्यंत होतील."

"काय बोलायचं ठरवलंत?"

"'हेड्डा, तो मी होतो.'" जरा विचार करून म्हणाले, "लांबलं का?"

"नाही."

"मी 'मिस हेड्डा' म्हणणार होतो. पण मग लांबतं." त्यांनी ब्रश पुसला, फडक्यात गुंडाळला. "उद्या पांढरा."

गुरुवारी सकाळी गॅरेजचं दार उघडलं नाही. मी आठ वाजता गेले. ते मागच्या खोलीत खुर्चीत होते. एका पायात बूट होता, दुसरा हातात. मी तो बूट त्यांच्या हातातून घेतला आणि दुसऱ्याशेजारी नीट ठेवला. मग ब्लांचना बोलवायला गेले.

शनिवारी पुरलं. गावातली सगळी दुकानं बंद होती. एका परक्या गाडीवाल्यानं पेट्रोलसाठी गॅरेजपाशी हॉर्न वाजवला आणि पुढे जायचा रस्ता विचारला. मी त्याला सांगितला. सांगून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, या दारातून रस्ता सांगितला गेलेला मी कधी ऐकला नव्हता.

रविवारी ब्लांचनी पुडा बांधला. चार जर्दाळूंची, दोन खसखशीची. "अंगठीचं मी उगाच बोलले," त्या म्हणाल्या. "तू तिला नीट सांग. तुला शब्द येतात."

मिस हेड्डा ओसरीत उभ्या होत्या. ट्रकमधून मी एकटीच उतरलेली त्यांनी पाहिली.

"मिस्टर कुचेरा गेले," मी म्हटलं. "गुरुवारी सकाळी." मला दुसरे शब्द आले नाहीत.

त्यांनी माझ्या हातातून पुडा घेतला. दोरी सोडवली, बोटांभोवती गुंडाळली, एप्रनच्या खिशात टाकली.

"कुठवर आला होता?"

"काय?"

"खांब, पोरी. कुठवर आला होता?"

"अठरा. सतराव्याला आणि अठराव्याला पांढरा राहिला."

त्यांनी मान हलवली. "फार हळू झाला होता. तिकडचं त्यानं दुपारपर्यंत उरकलं होतं."

मी पायरीवर बसले. त्या बसल्या नाहीत.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी कमानीखाली उभी होते. हातात फुलं होती. खेचरांची गाडी फाट्यावर आली. मी हात केला. त्यानंही केला. आणि वळून गेला." त्या रस्त्याकडे बघत होत्या. "ऑगस्टमध्ये तीच खेचरं आमच्या विहिरीपाशी उभी. एक डावीकडे ओढणारं."

"मग तुम्ही वडिलांना सांगितलं नाहीत?"

"वडिलांनी टाकलं असतं त्याला विहिरीत. ते बोलल्याप्रमाणे करायचे. आणि छप्पर गळत होतं."

"पण नंतर? त्यांनासुद्धा नाही?"

"त्यानं सांगायचं होतं ते. मी का सांगू?" त्यांनी पुड्याचा कागद सरळ केला. "दर रविवारी मला वाटे, आज सांगेल. तो हातोडी मागायचा."

मी त्यांना सांगितलं, शेवटच्या खांबाशी ते सांगणार होते. काय सांगणार होते तेही सांगितलं, आहे तसं, चार शब्द.

"'हेड्डा' म्हणणार होता?"

"हो. 'मिस' काढून."

त्यांनी पुड्यातली एक कोलाची काढून मला दिली, खसखशीची. स्वतः घेतली नाही. पुस्तिकेत काय लिहिलंयस, असं विचारलं. मी म्हटलं, त्यांना आधी तुम्हाला सांगायचं होतं म्हणून खोटं लिहिलंय, आणि ते छापून झालंय.

"मग राहू दे. नकाशाचंही असंच झालं." दारापाशी जाऊन त्या थांबल्या. "पण खरं कुठेतरी लिहून ठेव. आणि माझ्या खांबांना हात लावू नकोस. ते त्याचं काम आहे."

शुक्रवारी पितळी पाटी लागली. ब्लांच रडल्या. बॅंड वाजला. दुपारी नवा रस्ता उघडला आणि चार वाजेपर्यंत चौकातून सहा गाड्या गेल्या. त्यांतल्या चार समितीच्या.

फाट्यापासून लुंडबीकडे सोळा खांबांवर पिवळा, पांढरा, पिवळा आहे. सतराव्यावर आणि अठराव्यावर वर पिवळा, खाली पिवळा, आणि मध्ये चार बोटं उघडं लाकूड. पुढचे सात कोरे आहेत. शेवटचा हॉटेलच्या पायरीसमोर आहे. पांढऱ्याचा डबा ट्रकमध्ये आहे, झाकण ठोकून बसवलेलं, आणि ब्रशचं फडकं मी रोज ओलं करते.